सागरी उष्णतेची लाट: यातली 'लाट' कुठली?

प्रश्न: मरीन हीटवेव्हला सगळे 'सागरी उष्णतेची लाट' म्हणतात, पण समुद्र म्हटलं की पाण्याचीच लाट डोळ्यापुढे येते ना. आणि 'ध्रुव तापल्यामुळे या लाटा वाढल्या' असं लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद: थंडीची लाट, साथीची दुसरी लाट म्हणतो त्यातलीच ही लाट. एखाद्या जागी वर्षाच्या त्या दिवसांत साधारण 30 वर्षांत जी तापमानं नोंदली गेली, त्यातल्या सगळ्यात वरच्या 10 टक्क्यांत पाणी सलग किमान 5 दिवस राहिलं की तिला मरीन हीटवेव्ह म्हणतात. म्हणजे पाणी हाताला गार लागत असलं तरी उष्णतेची लाट असू शकते, अगदी आर्क्टिकमध्ये, हिवाळ्यातसुद्धा. मला खटकतं ते वेगळंच, लाट म्हटलं की आली आणि गेली असं वाटतं, पण ईशान्य पॅसिफिकमधली 2013 ते 2016 अशी ठाण मांडून बसली होती, अलास्कात म्यूर नावाचे समुद्रपक्षी लाखोंनी उपाशी मेले. निक बॉन्ड या हवामानशास्त्रज्ञाने तिला 'द ब्लॉब' म्हटलं, बेढब गोळा, ते नाव जास्त खरं वाटतं.

प्रतिसाद: आधी 'ध्रुव' बदला, 'आर्क्टिक' लिहा. 1979 पासून जगाच्या जवळपास 4 पट वेगाने तापलंय ते आर्क्टिक, अंटार्क्टिकाची गोष्ट वेगळी आहे. आता 'मुळे'. आर्क्टिकच्या स्वतःच्या समुद्रांसाठी तो बिनधास्त वापरा, कारण बर्फ निम्म्याहून जास्त ऊन परत पाठवतो आणि तो गेला की खालचं काळं पाणी 90 टक्क्यांहून जास्त ऊन पिऊन टाकतं, शिवाय वितळलेलं गोडं पाणी हलकं, ते वरच तरंगतं आणि ऊब खाली मिसळतच नाही. 2020 मध्ये सैबेरियालगतच्या लाप्तेव्ह समुद्रातली लाट 100 दिवसांच्या वर टिकली. पण दूरच्या समुद्रांसाठी 'मुळे' लिहू नका प्लीज. वर हवेच्या जास्त दाबाचा पट्टा अडून बसला की वारा पडतो, पाणी घुसळलं जात नाही, बाष्पीभवन कमी होतं आणि पृष्ठभाग तापतो, इथपर्यंत पक्कं आहे. तो पट्टा अडतो कारण आर्क्टिक तापल्यावर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा वेगवान वारा, मंदावतो, यावर मात्र शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तिथे 'हातभार लागत असावा' इतकंच म्हणा. 'मुळे' लावायचाच तर हरितगृह वायूंना लावा, त्यांनी अडवलेल्या जादा उष्णतेतली 90 टक्के समुद्रातच गेलीये.

प्रश्नकर्ता: आणि 'लाट ओसरली' चालेल?

प्रतिसाद: पृष्ठभागापुरतं चालेल. पण ब्लॉबच्या वेळी वरचं पाणी थंडावलं तरी खालच्या थरांत उष्णता बराच काळ उरली होती, म्हणून 'वरून ओसरली' लिहिलंत तर जास्त बरं.