जिप्सी लिटरला साडेसातच देतेय, काय काय तपासू? (२००९ एमपीएफआय, ठाणे)

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००९ची मारुतीची जिप्सी किंग आहे, एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी), हार्ड टॉप. बाबांनी नवी घेतलेली, आता ते चालवत नाहीत म्हणून गेली तीन वर्षं माझ्या हातात आहे. रनिंग १ लाख ३८ हजार. मागच्या वर्षी १५ वर्षं झाली म्हणून रीपासिंग करून घेतलं, ग्रीन टॅक्स भरला, आरसी ५ वर्षांनी वाढवली, त्यामुळे विकून टाक हा सल्ला प्लीज नको, गाडी घरातच राहणार आहे.

प्रॉब्लेम ॲव्हरेजचा. रोज कासारवडवली ते महापे जातो, कापूरबावडी, माजिवडा, साकेत, कळवा, विटावा असं करत, जाऊन येऊन ४४ किमी. लिटरला साडेसात मिळतंय. ट्रॅफिक आहे हे मान्य, घोडबंदर रोडचं काय सांगायचं, पण बाबा प्रत्येक टाकीला वहीत किमी आणि लिटर लिहायचे, ती वही माझ्याकडे आहे आणि त्यात २०११-१२ला दहा, सव्वादहा असे आकडे आहेत, तेही ठाण्यातच चालवून. आता महिन्याला तेरा हजारांच्या वर पेट्रोल जातं आणि खरंच जड पडायला लागलंय.

आतापर्यंत काय केलं तर प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, ऑइल वेळेवर असतं. इंजेक्टर क्लीनिंगला २२०० रुपये घातले, काडीचा फरक नाही. टायर दोन वर्षांपूर्वी बदलले, आधी २०५/७० होते आता २१५/७५ आहेत, दिसायला भारी वाटले म्हणून घेतले. वर कॅरिअर आहे. बाकी गाडी उत्तम आहे, पिकअप ठीक, भर मे महिन्यात माजिवड्याला अडकलो तरी टेंपरेचरचा काटा पाव भागाच्या वर जात नाही, हायवेला तर अजून खाली येतो, इतकं थंड चालतं इंजिन. आता एकजण पेट्रोलच्या पाइपला लावायचं मॅग्नेट आणि टाकीत ओतायची बाटली सुचवतोय, मिळून साडेतीन हजार. घेऊ का?

ऐरोली_४३

मॅग्नेट नको आणि बाटली पण नको. पेट्रोलवर मॅग्नेटचा काही परिणाम होत नाही, ते साडेतीन हजार दुसरीकडे कामाला येतील, खाली सांगतो.

पहिलं म्हणजे तुझा साडेसातचा आकडाच बरोबर नाही. २०५/७० आर१५ टायरचा व्यास होतो ६६८ मिमी, २१५/७५चा ७०३. म्हणजे टायर सव्वापाच टक्क्यांनी मोठा झाला पण ओडोमीटरला ते कळत नाही, तो जुन्या टायरच्या हिशोबानेच मोजतो. तू खरे १०५ किमी चाललास की तो १०० दाखवतो. म्हणजे साडेसातचे खरे झाले ७.९. मोबाइलच्या जीपीएसवर ५० किमी ताडून बघ, कळेल. (स्पीडोमीटर पण तेवढाच कमी दाखवतो हे हायवेला ध्यानात ठेव.)

दुसरं, एका टाकीवरून काहीही ठरवू नको. एकच पंप, शक्यतो तेच मशीन, पहिल्या ऑटो कटला थांबायचं, वरून थेंब थेंब भरून घ्यायचं नाही. अशा तीन-चार टाक्या लिही आणि मग सरासरी काढ. आणि रोजच्या रूटवर ट्रॅफिकमुळे आकडा इतका हलतो की गाडीचा दोष किती आणि सिग्नलचा किती ते कळत नाही, म्हणून एका रविवारी पहाटे माजिवड्याहून नाशिक हायवेने शहापूरपर्यंत जाऊन ये, सलग ७०-७५ने, एसी बंद. शंभराच्या वर किमी होतात. तो आकडा तुझा पाया धर. पुढे जे काही दुरुस्त करशील ते त्याच रस्त्यावर परत मोज.

मोठे टायर जड पण असतात, सिग्नलवरून प्रत्येक वेळी ते वजन फिरवायला पेट्रोल लागतं. फेकून देऊ नको, पण पुढच्या वेळी २०५/७०वर परत ये असं माझं स्पष्ट मत आहे, जिप्सीचं १३०० सीसीचं इंजिन त्या मापाला धरून गिअर केलेलं आहे.

स्पॅनर१३

वरचं सगळं बरोबर आहे पण भाऊ तू जी गोष्ट कौतुकाने लिहिलीस तीच मला खटकली. काटा पाव भागाच्या वर जात नाही आणि हायवेला खाली येतो. हे चांगलं लक्षण नाही. तुझ्या इंजिनात थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) एकतर उघडा राहून अडकलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय.

आपल्याकडे ही जुनी सवय आहे, गाडी गरम होते अशी तक्रार आली की रेडिएटर साफ करण्यापेक्षा थर्मोस्टॅट काढून फेकायचा, अर्ध्या तासाचं काम, गिऱ्हाईक खूश. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते कसंबसं चालून जायचं. एमपीएफआयला ते महागात पडतं कारण ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) कूलंटच्या सेन्सरवरून ठरवतो की इंजिन तापलं की नाही. काटा खाली म्हणजे त्याला वाटतं गाडी आत्ताच सकाळी चालू केलीय, मग तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, जुन्या गाडीला चोक ओढून ठेवल्यासारखं. ऑक्सिजन सेन्सर सुधारायला बघतो पण इंजिन गरम झालंय असं ईसीयूने मानल्याशिवाय त्याचं ऐकलं जात नाही. तू ४४ किमी रोज चोक ओढून चालवतोयस असं समज.

खात्री करायला गॅरेज नको. सकाळी थंड इंजिन चालू कर आणि रेडिएटरला वरून येणारा जाड होज हाताने चाचपत राहा, पंख्यापासून हात लांब ठेवून. थर्मोस्टॅट चांगला असेल तर होज काही मिनिटं थंडच राहतो आणि मग एकदम गरम होतो. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर आत काही नाही किंवा उघडाच आहे.

अजून एक, तुझी शेवटची पीयूसीची स्लिप काढ आणि सीओचा (धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा सांग. पास आहे एवढं नको, आकडा सांग.

आणि ब्रेक. जिप्सीला पुढे डिस्क मागे ड्रम. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या पाण्यातून जातोस ना, तिथून कॅलिपरच्या (डिस्कला पॅडने दाबून धरणाऱ्या भागाच्या) पिना गंजायला सुरुवात होते. दहा किमी चालव, शेवटी शक्य तितका कमी ब्रेक मार, उतर आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात ने (डिस्कला हात लावू नको, भाजेल). एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तो ब्रेक चिकटतोय. मग जॅक लावून ते चाक हाताने फिरव.

एअर फिल्टरबद्दल, बदललास ते चांगलंच पण त्याने ॲव्हरेज वाढेल ही अपेक्षा ठेवू नको. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी गेली की ईसीयू पेट्रोलही कमी सोडतो, त्यामुळे फिल्टर चोक झाला तर पिकअप जातो, ॲव्हरेज फारसं नाही.

माळशेज_वारी

दादा, मी पण जिप्सीवालीच, खारघर. दोन-तीन गोष्टी राहिल्यात म्हणून लिहिते.

पहिलं पेट्रोल. तुमच्या बाबांच्या वहीतलं २०११चं पेट्रोल आणि आजचं पेट्रोल एक नाही. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच लिहिलं होतं की शून्य इथेनॉलसाठी बनलेल्या आणि ई१०ला जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई२०वर ६-७ टक्क्यांनी घटेल. म्हणजे सव्वादहाचे साडेनऊ होणारच, गाडीत काहीही बिघाड नसताना. तुम्ही साडेनऊ गाठलंत तर गाडी पूर्वीइतकीच तब्येतीत आहे असं समजा, दहाच्या मागे लागून अजून पैसे घालू नका. पण पेट्रोलचे जुने रबरी पाइप मात्र आताच बदला, २००९चे मूळचे असतील तर इथेनॉलने फुगतात, तडे जातात, आणि गळती लागली तर ॲव्हरेज राहू दे, आग लागायची भीती.

दुसरं, पावसात ठाण्यात फोर एच (चारही चाकांना ताकद) टाकून फिरता का? खूप जण फिरतात. जिप्सीला मध्ये डिफरेन्शियल (पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही, पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने जखडला जातो, आणि वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात, वाळूत ते घसरून जुळवून घेतं, डांबरावर ती ओढाताण टायर आणि ट्रान्सफर केसवर येते. ओल्या डांबराला सुद्धा टू एच (फक्त मागच्या चाकांना ताकद) पुरतं, हळू चालवलं की झालं. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे फ्री व्हील हब असतील तर ते फ्रीवर आहेत ना ते बघा, लॉकवर राहिले तर टू एचमध्ये पण पुढचे शाफ्ट, डिफरेन्शियल, सगळं फुकट फिरत राहतं. फरक थोडाच पडतो पण फुकट मिळतो. महिन्यातून एकदा मात्र लॉक करून मातीच्या रस्त्यावर चार-पाच किमी चालवा, नाहीतर आतल्या भागांना ऑइल लागत नाही.

कॅरिअर रिकामं असेल तर काढून ठेवा, डब्यासारखी गाडी, हवेला आधीच छाती देऊन जाते. टायरमधली हवा कधी बघितली होती? मी एकदा काशिदच्या वाळूसाठी हवा कमी केली आणि परत आल्यावर पंधरा दिवस तशीच फिरले, लिटरला जवळजवळ एक किमी गेला होता.

चालवण्याचं एवढंच सांगेन की समोर सिग्नल लाल दिसला की न्यूट्रल करू नका, गिअरमध्येच ॲक्सिलरेटर सोडून द्या. इंजिन आरपीएमवर असताना पाय पूर्ण सुटला की ईसीयू पेट्रोल बंद करतो, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगचं पेट्रोल चालूच राहतं. उतारावर तर न्यूट्रल नकोच नको, गायमुखच्या घाटात मी त्यावरून अपघात होता होता वाचलेला बघितलाय.

कासारवडवलीकर

बापरे, सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. पहाटे उठून केलं सगळं.

होज पहिल्या मिनिटापासूनच कोमट होत गेला. पीयूसीची स्लिप काढली, सीओ ०.४१ आहे. पुढचं डावं चाक इतकं तापलं होतं की रिमजवळ हात ठेवता येईना, बाकी तिन्ही कोमट. आणि टायरमध्ये चारही २२-२३ निघाली, ही मात्र माझीच हयगय. फोर एच पावसात टाकायचो, आजपासून बंद.

शहापूरला जाऊन आलो, जीपीएसच्या किमीने ९.३ निघालं. हाच पाया धरतोय.

स्पॅनर१३

०.४१ म्हणजे आपला अंदाज बरोबर. या गाड्यांना मर्यादा ०.५ टक्के आहे म्हणून स्लिपवर पास लिहून येतं, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सर धड चालत असतील तर हा आकडा शून्याला चिकटून असायला पाहिजे. तुझं इंजिन रिच चालतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतंय.

आता नुसता थर्मोस्टॅट बसवून मोकळा होऊ नको. तो कुणी काढला असेल तर गाडी तेव्हा गरम होत असणार आणि ते कारण अजून आत असेल. रेडिएटर खोलून साफ करून घे, पंखा बघ, वॉटर पंप गळतोय का बघ, आणि साधं पाणी असेल तर काढून कूलंट भर. थर्मोस्टॅटचं गॅस्केट नवीन टाक, हवा काढून घे. इथे नाही मिळाला तर कुर्ल्याला सीएसटी रोडला मिळेल. कॅलिपरच्या पिना काढून साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायला सांग, साधं ग्रीस रबर खातं.

कासारवडवलीकर

पाच आठवड्यांनी लिहितोय, मुद्दाम थांबलो कारण चार टाक्या पूर्ण करायच्या होत्या.

हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. बाबांना विचारलं, त्यांना माहीत नाही, चार-पाच वर्षांपूर्वी एका गॅरेजला गरम होते म्हणून दिली होती तेव्हाच काढला असणार, आणि कुणी सांगितलं पण नाही. राग आला खरं. किती पेट्रोल वाया गेलं असेल याचा हिशोब करायला बसलो होतो, मग सोडून दिला. रेडिएटर अर्धा चोक होता, खालच्या नळ्यांत लाल गाळ. साफ केला, कूलंट भरलं. डाव्या कॅलिपरची एक पिन पूर्ण जाम होती, ठोकून काढावी लागली, पॅड एका बाजूने संपलेले म्हणून नवीन टाकले. पेट्रोलचे पाइप बदलले. हवा पुस्तकात दिल्याप्रमाणे, कॅरिअर काढून गच्चीवर ठेवलं. हब बघितले, उजवा लॉकवर होता, कधीपासून देव जाणे.

आता काटा सात-आठ मिनिटांत मध्याच्या जरा खाली येतो आणि तिथेच थांबतो. शहापूर तोच रस्ता, तीच वेळ, ९.३चे ११.४ झाले. रोजच्या महापे रूटवर चार टाक्यांची सरासरी ९.६, टायरचा फरक धरून. ताईंनी सांगितलेल्या साडेनऊपेक्षा थोडं वरच. सगळा खर्च ६२०० आला, त्यात पॅड आणि रेडिएटर मोठे. पीयूसीला परत लावून बघितली, सीओ ०.०६.

एकच शंका उरली, सकाळी चालू केल्यावर पहिले काही सेकंद सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो, नंतर जातो. हे नॉर्मल आहे का?

स्पॅनर१३

थंड इंजिनाला सुरुवातीचे काही सेकंद वास येणं नॉर्मल आहे, तेव्हा ईसीयू मुद्दामच जास्त सोडतो. पण डिपस्टिक काढून ऑइलचा वास घे. इतकी वर्षं रिच चालल्यावर पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलला पेट्रोलचा वास असेल किंवा पातळी वर चढलेली असेल तर किमी पूर्ण व्हायची वाट न बघता ऑइल आणि फिल्टर आताच बदल.

कासारवडवलीकर

घेतला वास. येतोय. शनिवारी बदलतो.