उरलेले आठ मिलिलिटर कोणाला जातात?

धागालेखिका, धंतोली, नागपूर
गेल्या महिन्यात यजमानांची एन्डोस्कोपी झाली. त्यांना आत नेताना ट्रॉलीवर प्रोपोफॉल या भुलेच्या औषधाची पांढरी, दुधासारखी दिसणारी बाटली मला दिसली. तिच्या रबरी बुचात सुई तशीच खोचलेली होती. ही आधीच्या रुग्णासाठी फोडली होती का, असे विचारले, पण कोणी उत्तर दिले नाही. साठ किलोच्या माणसाला पूर्ण भूल द्यायला सुरुवातीला साधारण १२ मिलिलिटर लागते आणि बाटली २० ची असते, मग उरलेले आठ कोणाला जातात?

सोयाबीनचे तेल आणि अंड्यातील लेसिथिन असल्यामुळे या औषधात जंतू झपाट्याने वाढतात. लास व्हेगासच्या एका एन्डोस्कोपी केंद्रात वापरलेली सिरिंज पुन्हा बाटलीत घालून तीच बाटली पुढच्या रुग्णांना वापरली गेली, हेपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा यकृताचा आजार पसरला आणि २००८ मध्ये सुमारे ४० हजार लोकांना तपासणी करून घेण्याची पत्रे गेली. २०१० मध्ये तेथील ज्यूरीने तेवा आणि बॅक्स्टर या कंपन्यांवर ५० कोटी डॉलरची दंडात्मक भरपाई बसवली, कारण छोट्या तपासण्यांसाठी मोठ्या बाटल्या विकल्या गेल्या, असा दावा होता. मला तो निकाल योग्य वाटतो.

भूलतज्ज्ञ, रामदासपेठ
ताई, मला तो पटत नाही. बाटलीवर ‘एकाच रुग्णासाठी’ असे छापलेले असताना ती दुसऱ्याला वापरणे हा वापरणाऱ्याचा दोष आहे, औषधाचा नव्हे. या औषधाने रुग्ण लवकर आणि स्वच्छ शुद्धीवर येतो, मळमळ कमी होते. त्याची खरी जोखीम म्हणजे श्वास मंदावणे आणि रक्तदाब उतरणे, आणि त्यासाठी उशाशी प्रशिक्षित माणूस लागतो. दाव्यांची भीती वाढली, तर छोटी रुग्णालये गुंतागुंतीचा रुग्ण घेणारच नाहीत आणि गडचिरोलीहून आलेल्या माणसाला रात्री दारोदार फिरावे लागेल. उरलेले औषध मात्र फेकलेच पाहिजे, यावर माझे दुमत नाही.

वकील, सिव्हिल लाइन्स
डॉक्टरसाहेबांची भीती मला थोडी अवाजवी वाटते. डॉक्टरांच्या निष्काळजीपणाबद्दलच्या जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितले आहे की, फौजदारी दोषासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो. भरपाईचा मार्ग वेगळा आहे: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाची जबाबदारीही आली आहे. अडचण मुदतीची आहे, कारण तक्रार दोन वर्षांत करावी लागते आणि हेपॅटायटिस सी अनेक वर्षे लक्षणांवाचून राहू शकतो. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण दाखवावे लागते आणि बाटलीचा बॅच क्रमांकच कुठे नोंदलेला नसेल, तर दाखवायचे तरी काय?

धागालेखिका
माझे म्हणणे तेवढेच आहे. भुलेच्या कागदावर बॅच क्रमांक आणि बाटली फोडल्याची वेळ लिहा, व त्याची प्रत घरी जाताना द्या. यजमानांच्या कागदावर औषधाचे फक्त नाव आहे. मी नोंदींची लेखी मागणी केली आहे. ७२ तासांत त्या द्याव्या लागतात.

भूलतज्ज्ञ, रामदासपेठ
वेळ लिहिण्याला माझी हरकत नाही. उद्यापासून मी लिहीन.