ऊसतोड मुलांची शाळा: ग्रुपवर माणसं दोनशे, देणारी पाच-सहा. काय करावं?

साखरशाळा_शिरोळ

नमस्कार मंडळी. आम्ही शिरोळ तालुक्यात ऊसतोड टोळ्यांच्या अड्ड्यावर शाळा चालवतो. ट्रस्ट नोंदणीकृत आहे, 80जी (देणगीदाराला आयकरात वजावट) आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालन्याकडून टोळ्या येतात आणि मार्चच्या सुमारास परत जातात. आईबाप पहाटे फडात जातात आणि मोठी मुलगी धाकट्याला घेऊन कोपीत (झोपडीत) बसते. तिला शाळेत आणायचं तर धाकट्यालाही आणावं लागतं, त्यामुळे आमचा वर्ग थोडा बालवाडी, थोडा चौथी असा भरतो. दोन शिक्षिकांचं मानधन, खाऊ, वह्या, सौर दिवे मिळून हंगामाचा खर्च पावणेदोन लाखांपर्यंत जातो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर कोल्हापूर, पुणे, मुंबईची आणि काही परदेशातली माणसं आहेत. आवाहन टाकलं की हात जोडलेले इमोजी भरपूर येतात, पैसे मात्र ठरलेली पाच-सहा माणसंच देतात. कार्यकर्ते विचारतायत, प्रत्येकाने आपापला क्यूआर कोड फिरवला तर चालेल का? क्राउडफंडिंगच्या साइटवर जावं का? आणि एक सल्ला सारखा मिळतो: मुलांचे केविलवाणे फोटो टाका, लोक विरघळतात. माझ्या जिवावर येतं ते. कुणी प्रत्यक्ष असं काम केलं असेल तर सांगा.

बंधाऱ्याकडचा

ताई, मी कसबा बावड्याचा, धंदा फौंड्रीचा. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा आमच्या दारातच म्हणा. 2019 च्या ऑगस्टात तिथली पातळी 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 च्या वर गेली आणि पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, ते सगळ्यांनी पाहिलंय. 2021 ला पुन्हा तेच. दोन्ही वेळा तालमीतली पोरं आणि मी मदतीचं जुळवाजुळवीचं काम केलं. त्यावरून सांगतो.

पुरात मदत कमी नव्हती, लई होती. पण कुठल्या गावाला काय पोचलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रस्त्याकडेच्या गावात बिस्किटांचे टेम्पो एकामागून एक, आणि शिरोळच्या आतल्या गावांत प्यायला पाणी नाही. तेव्हा आम्ही गूगलवर एक साधी शीट उघडली. गाव, गावातला माणूस, गरज काय, कोण देणार, कधी पोचलं, बिल कुठाय, एवढेच रकाने. बघायची मुभा सगळ्यांना, लिहायची मोजक्यांना. डोक्यात केरळचं उदाहरण होतं. 2018 च्या महापुरात तिथं केरला रेस्क्यू नावाचं संकेतस्थळ उभं राहिलं होतं. अडकलेल्यांची विनंती, स्वयंसेवकांची नोंद, मदत केंद्रांना काय हवंय, सगळं एका जागी. त्याचा कोडही खुला होता, त्यामुळे जगभरातले प्रोग्रॅमर त्यात हात लावू शकत होते.

आमची शीट फिरली तसे पुण्यातले, बेंगळुरातले लोक स्वतःहून म्हणायला लागले, आम्ही फोन करतो. गावात फोन लावायचा, गरज खरी का विचारायचं, सामान पोचल्यावर पुन्हा विचारायचं, एवढंच काम. आणि मग जे झालं ते मी आयुष्यभर धरून ठेवलंय. ज्यानं एक गाव हातात घेतलं, त्यानं त्या गावासाठी पैसे पण आणले. कुणी मागितले नव्हते. आपल्या ऑफिसात, भावकीत, सोसायटीत तोच बोलला, कारण गाव त्याचं झालं होतं.

म्हणून तुमच्या ग्रुपबद्दल माझं स्पष्ट मत हे की त्या दोनशे जणांना तुम्ही एकच काम दिलंय: द्या. त्यांना दुसरं काम द्या, पैसे त्याच्या मागून येतील.

तुमच्याकडं घरबसल्या करायचं काम ढीगभर असणार. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. गावाकडच्या शाळेनं ते दिलं तर मूल इथल्या शाळेत बसतं आणि परत गेल्यावर त्याचा वर्ग बुडत नाही. पण ते मिळालंय का, हे त्या मुख्याध्यापकांना कुणीतरी फोन करून विचारायला पाहिजे. पुण्यात बसलेला माणूस दुपारच्या सुट्टीत चार फोन करू शकतो. कुणी हजेरी शीटमध्ये भरेल, कुणी वह्यांचे भाव काढेल. व्हॉट्सॲपवर कम्युनिटी करा, त्यात सूचनांचा ग्रुप वेगळा (तिथं फक्त ॲडमिन लिहिणार) आणि कामाचे छोटे ग्रुप वेगळे. ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नका, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही.

पैशाचं म्हणाल तर पावणेदोन लाख हा आकडा टाकू नका. बघणाऱ्याला वाटतं, माझ्या पाचशेनं काय होणार. तो फोडा: एका शिक्षिकेचं एका महिन्याचं मानधन, एका मुलाचा हंगामभराचा खाऊ, एका कोपीचा दिवा. प्रत्येक ओळीपुढं "कोणी घेतलं" असा रकाना. अर्धी भरलेली शीट बघितली की माणसाला उरलेलं भरावंसं वाटतं.

आणि मागायचं काम तुम्ही एकट्यानं करू नका. 2014 ला बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतायचं आव्हान जगभर फिरलं होतं, आठवतंय? एएलएस ह्या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला त्या उन्हाळ्यात सुमारे 11.5 कोटी डॉलर मिळाले. गंमत म्हणून ते पसरलं हे खरं, पण खरी चावी ही की प्रत्येकानं ओळखीच्या तिघांना नाव घेऊन बोलावलं होतं. संस्थेनं बोलावणं वेगळं आणि मित्रानं नाव घेणं वेगळं. आपल्याकडं तर प्रत्येकाचा दहावीच्या बॅचचा ग्रुप असतोय. तुमच्यातल्या दहा जणांनी आपापल्या बॅचला सांगायचं: "ह्या सहा महिन्यांचा खाऊ आपल्या बॅचचा." बॅचची ईर्षा कोल्हापुरात काय असते ते मी सांगायला नको! 2 ते 8 ऑक्टोबर देशभर दान उत्सव असतो, 2009 पासून चालतोय. टोळ्या यायच्या तोंडावरच येतो. तेव्हा सुरू करा.

फोटोबद्दल तुमचं मन बरोबर सांगतंय, त्याचंच ऐका. त्या पोरीचा बाप टोळीच्या मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन आलाय, पण तो भीक मागायला आलेला नाही. तुम्ही टाकलेला फोटो फिरत फिरत त्याच्या गावच्या ग्रुपवर जाणार, आणि तिथं त्याला काय वाटेल? चेहरा नकोच. पोरीच्या वहीचं पान टाका, महिन्यापूर्वीचं आणि आजचं शेजारी शेजारी. वह्यांचं बिल टाका. त्यावर विश्वास बसतो माणसाचा.

हिशेबनीस_शाहूपुरी

मी ट्रस्टांची खाती बघतो, तेव्हा रुक्ष भाग माझ्याकडे.

कार्यकर्त्यांचे वैयक्तिक क्यूआर अजिबात नकोत. ट्रस्टच्या बँक खात्याचा एकच क्यूआर बँकेकडून घ्या, खाली ट्रस्टचं नाव दिसलं पाहिजे. वैयक्तिक खात्यात आलेल्या पैशाची पावती ट्रस्टला देता येत नाही, आणि उद्या आयकराने त्या कार्यकर्त्याला विचारलं तर तो काय सांगणार? ज्यांचा ट्रस्टच नाही अशी मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून कलम 41 क ची परवानगी काढतात. तुमचा ट्रस्ट आहे, तर सगळं त्यातूनच जाऊ द्या.

2000 रुपयांवरच्या रोख देणगीला 80जी ची वजावट मिळत नाही. 2021-22 पासून देणगीदारांचं विवरण (फॉर्म 10बीडी) वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत भरून प्रत्येकाला 10बीई प्रमाणपत्र द्यायचं असतं. 2025 च्या नव्या आयकर कायद्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतायत, चालू क्रमांक तुमच्या सीएकडून घ्या. पण पॅन आणि पूर्ण नाव पैसे येतानाच घ्यायची शिस्त कायम लागणार. क्यूआरसोबत गूगल फॉर्मची लिंक द्या: नाव, पॅन, रक्कम, व्यवहार क्रमांक. आणि नवी कररचना घेतलेल्यांना ही वजावट नाही, म्हणून आवाहनात "कर वाचवा" असं पुढे करू नका.

परदेशातल्या लोकांचं जास्त जपा. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस आपल्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परकीय देणगी धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ती परकीय, मग तो जन्माने कागलचा असो की गडहिंग्लजचा. त्यासाठी एफसीआरए (परकीय देणगीचा कायदा) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं. नोंदणीसाठी तीन वर्षांत किमान 15 लाख खर्च दाखवावा लागतो, तेव्हा तुम्हाला सध्या ते शक्य नाही. अशा मित्रांना फोनवर मुख्याध्यापकांशी बोलायचं काम द्या, पैसे घेऊ नका.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांकडे त्यांच्या सीएसआरच्या (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी) पैशासाठी जाणार असाल तर सीएसआर-1 हा नोंदणीचा फॉर्म भरून ठेवा. 2021 पासून सीएसआरच्या पैशासाठी ती नोंदणी लागते.

गडहिंग्लजकर_पुण्यात

देणाऱ्याच्या बाजूने बोलतो. बंधाऱ्याकडच्या दादांचं बाकी सगळं पटलं, पण "कोणी घेतलं" या रकान्यात रकमेसकट नावं सगळ्यांना दिसणार असतील तर मला ते खटकतं. कुणी पंचवीस हजार लिहिले की खाली शंभर रुपये लिहायचा धीर होत नाही. माझी आई शंभरच देईल, आणि तिचे शंभर मोठे आहेत.

क्राउडफंडिंगच्या साइट ऑपरेशनसारख्या तातडीच्या एकदाच्या गरजेला बऱ्या. दरवर्षी लागणाऱ्या मानधनाला नाहीत. जायचंच तर फी, पेमेंट गेटवेचा खर्च आणि देणगीदाराकडून मागितली जाणारी "टिप" नीट वाचून जा. त्यापेक्षा बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सूचना) लावायला सांगा, महिन्याला तीनशे-पाचशे. एकदा लावलं की माणूस सहसा काढत नाही, आणि तुम्हाला पुढच्या हंगामाला किती येणार याचा अंदाज बांधता येतो.

बंधाऱ्याकडचा

भावा, बरोबर बोललास. मंडळाच्या फलकावर रकमा लिहायची आपल्याला सवय, म्हणून ध्यानात आलं नाही. खर्च सगळा उघडा ठेवायचा, अगदी खडूच्या बिलापर्यंत. देणाऱ्याचं नाव त्याच्या मर्जीवर, आणि रक्कम कुणाचीच नाही. शीटमध्ये "घेतलं गेलं" एवढं लिहिलं तरी पुरे. तुझ्या आईचे शंभर खाऊच्या ओळीत घाल.

साखरशाळा_शिरोळ

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रस्टच्या क्यूआरसाठी सोमवारी बँकेत जाते. खर्चाची शीट आज रात्री फोडायला बसते. चेहऱ्यांचे फोटो नाहीत, हे कार्यकर्त्यांना कळवलं.

मुख्याध्यापकांना फोन करण्याची कल्पना फार आवडली. गेल्या हंगामातल्या मुलांची गावं आणि शाळा माझ्या वहीत आहेत. अडचण एकच: आमचे लोक फोन करतात तेव्हा "कोल्हापूरहून कोण बोलतंय" म्हणून तिकडचे गुरुजी जरा बिचकतात. मराठवाड्यातलं कुणी आहे का इथे?

गेवराईचा_राजारामपुरीत

ताई, मी आहे. माझ्या चुलत्यांनी कित्येक हंगाम तुमच्या भागात कोयता धरलाय. गेवराई, माजलगाव, धारूरच्या शाळा माझ्याकडं द्या. टोळ्या निघायच्या आधीच फोन झाले पाहिजेत, नंतर कार्ड मिळवायला फार खेटे पडतात. यादीत मुलाचं नाव, इयत्ता आणि बापाचं नाव एवढं असू द्या, पण ती उघड्या शीटमध्ये टाकू नका, मला वेगळी पाठवा.