एक्सआरएफ गनने सोनं सापडतं का?
वर विचारलंय की एक्सआरएफ गन (क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) मातीवर धरली की सोनं दिसतं का. थेट नाही दिसत हो, मातीतलं सोनं असतं पीपीबीत (अब्जात काही भाग) आणि गन बोलते पीपीएममध्ये (दहा लाखांत काही भाग), त्यात झिंक किंवा टंगस्टन भरपूर असलं की त्यांच्या क्ष-किरणांच्या रेषा सोन्याच्या ९.७१ केईव्हीच्या (केईव्ही म्हणजे ऊर्जेचं एकक) रेषेला चिकटतात आणि स्क्रीनवर नसलेलं सोनं झळकतं. म्हणून सोन्याची खूण म्हणून आधी आर्सेनिक बघायचं, कर्नाटकातल्या हट्टीच्या सोन्याच्या खाणीत सोन्यासोबत आर्सेनोपायराइट (आर्सेनिक असलेलं खनिज) सापडतंच. फक्त शिसं असेल तर जपा, आर्सेनिक आणि शिसं दोघांच्या मुख्य रेषा १०.५ केईव्हीच्या आसपासच येतात. आणि प्लीज, ओल्या मातीवर रीडिंग घेऊ नका, पाण्यामुळे आकडे कमी येतात! वाळवा, चाळा, सॅम्पल कपात दाबून भरा, मग मोजा. ड्रिलिंग कुठे करायचं ते मात्र लॅबचा ‘फायर असे’चा (fire assay, नमुना भट्टीत वितळवून सोनं मोजायची चाचणी) रिपोर्ट आल्यावरच ठरवा.