मदत हवी आहे : बाळाच्या गोधडीला मधोमध फुगा आलाय

नमस्कार मंडळी, भाचीला मुलगी झालीय, पुढच्या महिन्यात बारसं आहे, आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसलेय की विकतचं काही आणणार नाही, आईच्या लुगड्यांची गोधडी देणार म्हणून 😅

तर साइज 36 बाय 42 इंच, आत जुन्या सुती नऊवारीचे दोन पदर, खाली अख्खं लुगडं आणि वर टेलरकडच्या चिंध्यांचे 6 इंची चौकोन मशीनवर जोडलेत. आजी करायची तसा कडेपासून धावदोरा घालत आत आत चाललेय पण आता मधे हा एवढा फुगा आलाय, हात फिरवला की आतला पदर गोळा झालेला लागतो. आधी कच्चा टाका घालायचा आळस केला, तो नडला बहुतेक. सगळं उसवू का मधूनच काही करता येईल? चार रात्री गेल्यात त्यात हो!

दुसरं म्हणजे काठाला इरकलीची लाल किनार लावायचीय, ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघितली तर फडकं गुलाबी. मिठाच्या पाण्यात भिजवून खरंच रंग थांबतो का कोणी करून बघितलंय? बाळ तोंडात घालणार म्हणून जास्त भीती वाटते.

आणि दोरा एकेरी घेता की दुहेरी? दुहेरीचा सारखा गुंता होतोय माझा.

उरलेल्या चिंध्यांची उशी करायचा विचार होता, पण आधी हे निस्तरू दे. प्लीज लवकर सांगा, सुई तशीच टोचून ठेवलीय.