टेबलावरचे झेरॉक्स यंत्र की जमिनीवरचे?

"दोन्ही यंत्रे झेरॉक्सच काढतात, मग उभ्या यंत्राला जास्त पैसे कशाला मोजायचे?" हा प्रश्न रत्नागिरीतल्या माझ्या दुकानात जवळजवळ रोज येतो. मी किमतीचा विषय काढण्याआधी गिऱ्हाइकाला महिन्याला किती रीम कागद संपतो आणि जमिनीचे नकाशे काढावे लागतात का, एवढेच विचारतो. टेबलावरची बहुतेक यंत्रे ए-४ किंवा लीगल आकारापर्यंतचाच कागद घेतात आणि त्यांच्या ट्रेमध्ये साधारण २५० कागद मावतात. ज्याला २९७ × ४२० मिलिमीटरचा, म्हणजे ए-३ आकाराचा नकाशा एकसंध हवा असतो, त्याने सहसा जमिनीवर उभे राहणारे यंत्रच घ्यावे. एकट्या वकिलाच्या कार्यालयात मात्र ते निव्वळ ओझे ठरते (माडीवर चढवायला चार माणसे लागतात, ते वेगळेच). आपल्याकडे पावसाळ्यात कागद सादळतो, कडेला वळतो आणि रोलरपाशी चुण्या पडून अडकतो. अशा वेळी मोठ्या यंत्रांपैकी अनेकांच्या ट्रेपाशी बसवता येणारा हीटर फार उपयोगी पडतो. छोटे यंत्र नेणाऱ्याला मी फोडलेल्या रिमेतला उरलेला कागद घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला सांगतो.