निगेटिव्ह एक, प्रिंट्स अनेक

'फोटो एकदाच काढायचा, नंतर आयुष्यभर प्रिंट्स विकायच्या, मग एवढी किंमत कशाची?' हा प्रश्न रास्त आहे, पण त्यातलं 'एकदाच' मला पटत नाही. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा 'मूनराइज, हर्नांडेझ' हा फोटो घ्या. १९४१ साल, न्यू मेक्सिकोतला रस्ता. वर चंद्र, खाली दफनभूमीतल्या क्रुसांवर मावळतीचं ऊन. घाईघाईने ८ बाय १० इंची फिल्मचा कॅमेरा उभा केला तर लाइटमीटर (प्रकाश मोजायचं यंत्र) सापडेना. चंद्राची दीप्ती किती, हे त्याला तोंडपाठ होतं. त्यावरून हिशेब करून एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं, म्हणजे तेवढा वेळ फिल्मवर प्रकाश पडू दिला. दुसरी फिल्म घ्यायला गेला तोवर क्रुसांवरचं ऊन सरलं होतं.

इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पण त्या निगेटिव्हचा (ज्या फिल्मवरून प्रिंट्स काढतात तिचा) खालचा भाग इतका फिका होता की १९४८ साली त्याने तेवढाच भाग रसायनाने गडद करून घेतला. शिवाय प्रत्येक प्रिंट करताना आकाशाला हाताने जास्तीचा प्रकाश द्यायचा, म्हणजे ते कागदावर अधिक गडद उतरायचं. सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाशात ढगांच्या फिकट रेघा दिसतात, नंतरच्यांत ते जवळजवळ काळंभोर आहे. अशा १,३०० हून जास्त प्रिंट्स त्याने स्वतः केल्या, कित्येक दशकं. याला नुसत्या 'कॉप्या' म्हणणं मला खरंच अन्यायाचं वाटतं. म्हणूनच कुणाचीही प्रिंट विकत घेताना ती कुणी आणि कधी केली, हे आवर्जून विचारा.